मावशींचा प्रश्न

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की आमची मुळा भरून वाहते. एरवी मुळशीचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला जातं, वीज करायला. जे पुण्याकडे उतरतं ते तिथं मुठेला मिळतं आणि पुढे दौंड तालुक्यात भीमेत पडतं. त्या संगमापासून केडगाव फार लांब नाही.

यंदा उपवासकाळात आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीनं पंडिता रमाबाईंच्या केडगावची वाट धरली. पायी नव्हे, मननातून. मंडळी म्हणजे पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला आलेली नगरकडची चार-पाच कुटुंबं आणि आम्ही दोन घरं. देऊळ नाही, ओसरीवर सतरंजी आणि टाळ. दरवर्षी एखादं तयार मननाचं पुस्तक आणायचं, रोज एक पान वाचायचं, हा शिरस्ता. या वेळी मी म्हटलं, आपल्याच माणसांचा मागोवा घेऊ. १८९६चा दुष्काळ ते १९२४, एवढाच काळ. राहुरीकडच्या एक मावशी आहेत, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक न उघडता नारायण वामन टिळकांची पदं म्हणणाऱ्या. त्या म्हणाल्या, “घे की. पण कोण किती भक्तिमान होतं ते नको सांगू. कुणाला जेवायला घातलं, ते सांग.”

त्या एका वाक्यानं माझी वही बदलली.

पंडिता रमाबाईंना भूक ऐकून ठाऊक नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात, हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. मला थांबावंसं वाटलं ते १८९६-९७वर. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तशा त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची कडक बंदी. एवढी माणसं शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर घेतलेल्या शेतात छपरं उभी राहिली आणि विहिरी खणल्या गेल्या. तीच ‘मुक्ती’. पुढे १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी माणसं आली आणि संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. दोन हजार जणींना दोन वेळचं द्यायचं तर पीठ किती लागेल, हा हिशेब मावशींनी ओसरीवर बोटांवर करून पाहिला आणि मध्येच सोडून दिला.

मला तिथली नावं फार आवडतात. थकलेल्या, निराधार म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला बार्तिमी, लोक गप्प बस म्हणाले तरी जो ओरडतच राहिला. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिनं या मुलींना ते शिकवलं. शिवाय शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. दान घेऊन बसून राहायची सोय नव्हती. हाताला काम होतं.

पण भाबडं कौतुकही नको. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील या धास्तीनं पालकांनी त्यांना काढून नेलं, आणि रानडे-भांडारकरांसारखे स्नेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. भुकेल्याला भाकर देताना दुसऱ्या हातात पुस्तक असावं का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला तो काही केवळ द्वेषातून नव्हे. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही, हे माझ्या मते त्यांच्या बाजूचं. तरी प्रश्न मिटत नाही. भाकर कुठल्याही अटीवाचून मिळाली पाहिजे, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

त्यांचं अखेरचं काम बायबलचं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते सोप्या मराठीत आणायला घेतलं, फारसं न शिकलेल्या बाईला कळेल असं. या कामात अनेक वर्षं गेली. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ला रमाबाई. बायबल पूर्ण छापून आलं १९२४ साली. त्याच तीन-चार वर्षांत जिल्ह्याच्या आमच्या टोकाला धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह चालला होता, सेनापती बापटांचा. एकाच जिल्ह्यात एकीकडे माणसं जमीन वाचवायला झगडत होती आणि दुसरीकडे एक बाई मुद्रितं तपासत होती. दोन्हींचा संबंध नाही. मला मात्र ती दोन्ही एकत्रच आठवतात.

टिळकांच्या घरची गोष्ट वेगळी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना तो मोठा घाव होता. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९००चा. मधली पाच वर्षं, मनातल्या सोवळ्याचा एकेक पदर कसा सुटत गेला, हे त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना मी काय सांगू? नवऱ्याच्या श्रद्धेपेक्षा बायकोचं सावकाश बदलणं मला जास्त खरं वाटतं. शिवाय घरात कायम दुसऱ्यांची मुलं, आणि पैसे हातात टिकत नाहीत. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथं तव्यावरच होतं.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ९ मे १९१९ला ते गेले, म्हणजे दरबाराला दोनच वर्षं मिळाली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अर्धवट राहिलं, पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. टिळकांनी भारलेले मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला आणि मग पुण्यात आश्रम उभारला.

आता आमचं सांगतो. २०२०च्या टाळेबंदीत परप्रांतीय कामगार आमच्या रस्त्यानं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाले होते. आमची प्रार्थना तेव्हा फोनवर व्हायची. पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशीही प्रार्थनाच केली. तिसऱ्या दिवशी मावशींनी कुणाला न विचारता भाताचं पातेलं फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. मी घरातून पाहत होतो आणि मास्क शोधत होतो.

उपवासकाळ संपला. वहीतली पानं अजून उरली आहेत, म्हणून वाचन चालू ठेवलंय. पुढच्या महिन्यात केडगावला जाऊन यायचं ठरलंय. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगाव स्टेशनवर थांबते. कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर निघू. डबा आपापला आणा, आणि दोन भाकऱ्या जास्तीच्या.