जुन्या लष्करी रायफलीच्या साइटचे समायोजन : ली-एनफिल्ड क्र. ४ च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नेमबाजी हा हात आणि डोळा यांच्या कौशल्याचा खेळ मानला जातो. तथापि रायफल लक्ष्यावर साधण्याची प्रक्रिया ही मुख्यतः मापनाची प्रक्रिया आहे. दुर्बिणीशिवाय, केवळ धातूच्या साइटने नेम धरण्याची पद्धत कालबाह्य झालेली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातही दुर्बीण वापरता येत नाही. छिद्रातून पाहून पुढील साइट लक्ष्याशी जुळवावी लागते. या पद्धतीची तत्त्वे जुन्या लष्करी रायफलीत अधिक उघडपणे दिसतात. प्रस्तुत लेखात ब्रिटिश बनावटीच्या ली-एनफिल्ड क्र. ४ या रायफलीच्या आधारे साइटच्या समायोजनाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

रायफल व तिच्या साइट

०.३०३ इंच व्यासाची ली-एनफिल्ड ही दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व भारतीय सैन्याच्या हाती असलेली रायफल होय. तिच्या मार्क ३ या प्रकाराचे उत्पादन पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यातही होत असे. या प्रकारात मागील साइट नळीवर, डोळ्यापासून बरीच पुढे होती आणि तिला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच होती. दोन साइटमधील अंतर सुमारे १९ इंच होते. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या क्र. ४ मध्ये मागील साइट डोळ्याजवळ आणण्यात आली. खाचेऐवजी तिला छिद्र देण्यात आले आणि दोन साइटमधील अंतर सुमारे २९ इंच झाले.

या बदलाचे दोन लाभ झाले. पहिला दृष्टीचा. मानवी डोळा मागील साइट, पुढील माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. लहान छिद्रातून पाहिल्यास स्पष्टतेची खोली वाढते, आणि डोळा आपोआप छिद्राच्या मध्याशी स्थिरावतो. त्यामुळे नेमबाजाला फक्त माशीच्या टोकावर दृष्टी केंद्रित करावी लागते. लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालते. दुसरा लाभ भूमितीचा. साइटमधील अंतर वाढल्याने नेम धरण्यातील तेवढ्याच चुकीमुळे होणारा कोनीय फरक कमी झाला.

समायोजनाचे गणित

क्र. ४ रायफलीसाठी माशीची पाती निरनिराळ्या उंचीची मिळत. लगतच्या दोन पात्यांच्या उंचीत ०.०१५ इंचाचा फरक असे. गोळीच्या स्थानातील बदल समरूप त्रिकोणाच्या नियमाने काढता येतो : माशीच्या उंचीतील फरक भागिले साइटमधील अंतर, गुणिले लक्ष्यापर्यंतचे अंतर. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. म्हणून क्र. ४ मध्ये पात्याचा एक टप्पा बदलल्यास गोळी सुमारे १.९ इंच सरकते. साइटमधील अंतर १९ इंच असलेल्या मार्क ३ मध्ये तेवढ्याच फरकाने ती सुमारे २.८ इंच सरकेल.

दिशेबाबत नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. त्यासाठी नियम सोपा आहे. चूक ज्या दिशेला, माशी त्याच दिशेला. मागील साइट मात्र चुकीच्या विरुद्ध दिशेला. गोळ्या खाली लागत असतील तर माशी बुटकी करावी किंवा मागील साइट वर घ्यावी. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर माशी उजवीकडे सरकवावी, म्हणजे पुन्हा नेम धरताना नळीचे तोंड डावीकडे वळते. १०० यार्डांवर दोन इंचांची दुरुस्ती करण्यासाठी माशी केवळ ०.०१६ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकवावी लागते. म्हणून हे काम हातोडीच्या ठोक्याने न करता त्यासाठीच्या स्क्रूच्या साधनाने करणे योग्य ठरते. अर्थात त्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे.

क्र. ४ च्या मार्क १ मागील साइटवर २०० ते १३०० यार्डांच्या खुणा असून स्क्रू फिरवून ती वरखाली करता येते. आडव्या दुरुस्तीची सोय तीत नाही. युद्धात घाईने बनविलेल्या एका प्रकारात तर ३०० व ६०० यार्डांसाठीची दोनच छिद्रे होती. सैनिकाला तेवढे पुरेसे होते. परंतु इंग्लंडमधील बिझ्ली येथे १८९० पासून भरणाऱ्या स्पर्धांतील नेमबाजाला ते पुरणारे नव्हते. त्यामुळे पार्कर-हेल यांसारख्या उत्पादकांनी उंची व आडवी दिशा या दोन्हींची सूक्ष्म दुरुस्ती करता येणाऱ्या साइट तयार केल्या.

स्थिर चूक व विखुरलेपणा

समायोजनाचा खरा प्रश्न साइट किती फिरवावी हा नसून ती केव्हा फिरवावी हा आहे. रायफल पक्क्या आधारावर ठेवून, एकच नेम धरून पाच गोळ्या झाडल्या तरी त्या एकाच छिद्रात जात नाहीत. दारूच्या मात्रेतील सूक्ष्म फरक, नळीचे कंपन, श्वास व घोड्यावरील बोटाचा दाब यांमुळे त्या विखुरतात. गोळ्यांच्या या समूहाचा मध्यबिंदू लक्ष्याच्या मध्यापासून जितका दूर, ती स्थिर चूक. मध्यबिंदूभोवतीचा पसारा म्हणजे यादृच्छिक चूक. साइट फिरवून केवळ पहिली चूक दूर होते. दुसरीवर साइटचा काहीही अधिकार चालत नाही.

हा भेद लक्षात न घेणारा नेमबाज प्रत्येक गोळीनंतर साइट फिरवतो. गोळी दोन इंच डावीकडे गेली की तो दोन इंच उजवीकडे दुरुस्ती करतो. मुळात साधलेल्या रायफलीवर असे सतत केल्यास प्रत्येक गोळीत तिची स्वतःची चूक आणि मागील गोळीच्या चुकीची उलट दुरुस्ती अशा दोन्ही मिसळतात. परिणामी प्रसरण दुप्पट होते आणि पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजेच दुरुस्तीच बिघाडाचे कारण बनते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे नरसाळ्यातून गोट्या सोडण्याच्या प्रयोगाद्वारे हेच तत्त्व कारखान्यांच्या व्यवस्थापकांना समजावून देत.

याउलट पाच गोळ्यांच्या सरासरीवर अवलंबून राहिल्यास मध्यबिंदूच्या स्थानातील अनिश्चितता एका गोळीच्या अनिश्चिततेच्या ४५ टक्क्यांवर येते, कारण ती गोळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणून शिस्त अशी : प्रथम समूह, मग मध्यबिंदू, मग एकच दुरुस्ती, आणि खात्रीसाठी पुन्हा समूह.

बाह्य घटक

वारा आणि प्रकाश यांचा परिणाम मूळ समायोजनात मिसळू देऊ नये. रायफल शक्यतो निवांत हवेत साधावी आणि वाऱ्यासाठी केलेली दुरुस्ती वहीत स्वतंत्र नोंदवून नंतर मागे घ्यावी. उन्हात चमकणारी माशी डोळ्याला फसवते, म्हणून ती काजळीने काळी करण्याची जुनी प्रथा आहे. रायफल एका बाजूस कललेली धरल्यास उंचीची दुरुस्ती तिरकी होऊन आडवी चूक निर्माण होते. यांपैकी कोणतीही चूक स्क्रूने सुधारण्याचा प्रयत्न केल्यास पुढच्या दिवशी रायफल पुन्हा ‘बिघडलेली’ वाटते.

निष्कर्ष

जुन्या रायफलीच्या साइटचे समायोजन हे यांत्रिक काम असले तरी त्याचा पाया निर्णयात आहे. समोर दिसणाऱ्या चुकीचा कोणता भाग साधनाचा आणि कोणता योगायोगाचा, हे ठरविल्याशिवाय केलेली दुरुस्ती व्यर्थच नव्हे, तर हानिकारक ठरते. प्रयोगशाळेतील एका वाचनावरून उपकरण बदलणारा विद्यार्थी आणि एका चाचणीच्या गुणांवरून विद्यार्थ्याविषयी मत बनविणारा अध्यापक हे दोघेही एका गोळीवरून साइट फिरविणाऱ्या नेमबाजाचीच चूक करीत असतात. पाच गोळ्या पूर्ण होईपर्यंत स्क्रूला हात न लावण्याचा संयम हे या विषयातील पहिले व सर्वांत कठीण कौशल्य होय.