मोटारदुरुस्तीची हातहत्यारे

मोटारगाडीची नित्याची देखभाल व किरकोळ दुरुस्ती करण्यासाठी लागणारी आणि केवळ हाताच्या बळावर चालणारी हत्यारे. नट व बोल्ट फिरविण्याचे पाने आणि सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी इ. हत्यारांचा यांत समावेश होतो. गाडी उचलण्याचा जॅक व ती तोलून धरणाऱ्या घोड्या यांचाही विचार त्यांच्याबरोबरच करावा लागतो. हत्यार स्वतः किती वर्षे टिकते यापेक्षा, ज्या नटावर किंवा स्क्रूवर ते चालवावयाचे त्याला ते कितपत सुस्थितीत ठेवते, यावर त्याची प्रत मुख्यत्वे ठरते. निकृष्ट पाना नटावरून घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. असा नट काढण्यासाठी छिन्नी चालवावी लागते किंवा बोल्टात भोक पाडावे लागते आणि या कामी होणारा खर्च पान्याच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. पाना निसटल्याने हाताला होणारी इजा वेगळीच.

इतिहास : पाना हे हत्यार मोटारगाडीहून जुने आहे. अमेरिकेत सॉलिमन मेरिक यांनी १८३५ साली पान्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची एकरूप पद्धती सुचविली व त्यामुळे ठराविक मापाचे पाने तयार करणे शक्य झाले. मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याच्या पान्याचे आजचे रूप स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन यांच्या १८९२ च्या एकस्वातून आले आहे. मोटारगाड्यांचा प्रसार झाल्यावर अमेरिकेत जोसेफ जॉन्सन यांनी १९२० साली एकाच दांड्याला निरनिराळे सॉकेट बसविण्याची पद्धती बाजारात आणली. हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखला जाणारा अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३६ पासून मोटारींच्या कारखान्यांतून रूढ झाला.

द्रव्य व घडण : पान्याचे पोलाद कठीण असावे लागते आणि चिवटही असावे लागते. ते मऊ असल्यास जबडा फाकतो. केवळ कठीण असल्यास तो ठिसूळ होऊन एकाएकी तुटतो. हे दोन्ही गुण साधण्यासाठी क्रोम-व्हॅनेडियम मिश्र पोलाद सर्वसाधारणपणे वापरतात. त्यात क्रोमियमाचे प्रमाण ०·५ ते १ टक्का व व्हॅनेडियमाचे ०·१ ते ०·२ टक्के असते. तापलेला पोलादी तुकडा साच्यात घणाखाली ठोकून त्याला पान्याचा आकार देतात. या घडाईमुळे धातूचे कण पान्याच्या आकाराला अनुसरून वळतात व त्याचे बल वाढते. ओतीव लोखंडाचे किंवा पत्रा कापून केलेले पाने यामुळेच घडीव पान्याची बरोबरी करू शकत नाहीत. घडाईनंतर जबड्याच्या आतील बाजू यंत्रावर अचूक मापास आणतात. पाना सु. ८५०° से. पर्यंत तापवून तेलात बुडवून कठीण करतात आणि पुन्हा माफक तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. शेवटी गंज चढू नये म्हणून त्यावर निकेल व क्रोमियम यांचा विद्युत् मुलामा देतात. [⟶ पोलाद]

मुलाम्याची चकाकी हे मात्र उत्तम प्रतीचे गमक नव्हे, कारण हलक्या पोलादावरही ती आणता येते. जबड्याच्या दोन्ही बाजू परस्परांस समांतर व गुळगुळीत आहेत का, कडेला साच्याची खरबरीत रेषा राहिली आहे का, मुलाम्याला पापुद्रे सुटले आहेत का आणि मापाचा आकडा, निर्मात्याचे नाव व द्रव्याचा निर्देश दांड्यावर स्पष्ट उमटला आहे का, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. गाडीच्या मापाचा नवा बोल्ट बरोबर नेऊन पाना त्यावर बसवून पाहावा. तो सहज बसावा, पण डुलू नये.

मापे : पान्यावरील आकडा हा नटाच्या समोरासमोरील सपाट बाजूंमधील अंतर दर्शवितो. व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यांवर मात्र बोल्टाच्या दांड्याचा व्यास लिहिलेला असतो, त्यामुळे जुनी हत्यारे विकत घेताना घोटाळा होतो. भारतात मोटारींचे मूळ निरनिराळ्या देशांतले असल्याने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरला. ॲम्बॅसॅडर ही मूळ इंग्रजी घडणीची मोटार असल्याने तिच्या आरंभीच्या गाड्यांत प्रामुख्याने इंच मापाचे नटबोल्ट असत. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी इटालियन फियाटवर आधारलेली होती व तिची मापे मेट्रिक होती. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून जपानी मापे घरोघरी पोहोचली. यूरोपीय आणि जपानी मापे दोन्ही मेट्रिक असली, तरी एकच नाहीत. ८ मिमी. व्यासाच्या बोल्टाला जुन्या यूरोपीय पद्धतीत १३ मिमी.चा, तर जपानी पद्धतीत १२ मिमी.चा पाना लागतो. १० मिमी. व्यासासाठी हीच मापे अनुक्रमे १७ व १४ मिमी. आणि १२ मिमी. व्यासासाठी १९ व १७ मिमी. अशी आहेत. म्हणून आपल्या गाडीत कोणती मापे आहेत हे आधी पाहून मगच पाने घेणे श्रेयस्कर होय.

इंच व मेट्रिक मापांची अदलाबदल क्वचितच निर्धोक असते. पाऊण इंच म्हणजे १९·०५ मिमी. असल्याने तेथे १९ चा पाना बहुधा चालतो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२·७ मिमी., त्यावर १३ चा पाना सैल बसतो व ०·३ मिमी.चे हे अंतर घट्ट बसलेल्या नटाचे कोपरे झिजविण्यास पुरेसे असते.

पान्यांचे प्रकार : उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. त्याचा जबडा दांड्याशी १५° चा कोन करतो, त्यामुळे अडचणीच्या जागी पाना उलटसुलट करून ३०° एवढ्या हालचालीतही नट फिरविता येतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी वेढतो, म्हणून गच्च बसलेला नट प्रथम रिंगने सैल करावा व नंतर उघड्या तोंडाने फिरवून काढावा. एका टोकाला रिंग व दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेला जोडपाना यासाठी सोयीचा असतो. रिंगच्या आत बहुधा बारा कोन असतात. गंजलेल्या किंवा झिजलेल्या नटावर सहा कोनांची रिंग अधिक चांगली पकड देते. चांगल्या रिंगमध्ये व सॉकेटमध्ये दाब नटाच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर यावा अशी आतील भागाची रचना केलेली असते. मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याचा पाना तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडतो, पण नेमक्या मापाच्या पान्याची जागा तो घेऊ शकत नाही.

सॉकेट दांड्याला बसविण्याचे चौकोनी टोक पाव, तीन-अष्टमांश व अर्धा इंच अशा मापांचे असते व मेट्रिक सॉकेटांसाठीही हीच मापे रूढ आहेत. घरगुती कामास तीन-अष्टमांश किंवा अर्धा इंच पुरेसे होते. रॅचेटमुळे दांडा नटावरून न काढता पुढेमागे हलवून काम करता येते. त्याचे दाते जितके अधिक तितकी हालचाल कमी लागते : ३६ दात्यांना १०°, तर ७२ दात्यांना ५°. गच्च नट सोडविण्यास मात्र रॅचेट न वापरता साधा लांब दांडा वापरावा. स्पार्क प्लगसाठी आतून रबर बसविलेला खोल सॉकेट घ्यावा. १४ मिमी. आट्यांच्या प्लगांचा षट्कोन २०·८ किंवा १६ मिमी.चा असतो.

पीळ व टॉर्क पाना : पान्याची लांबी त्याच्या मापाच्या प्रमाणात ठेवलेली असते, त्यामागे कारण आहे. २० सेंमी. अंतरावर २५ किग्रॅ. भाराएवढा जोर लावल्यास बोल्टावर सु. ५० न्यूटन-मीटर पीळ पडतो. १० मिमी. व्यासाच्या नेहमीच्या पोलादी बोल्टाला एवढा पीळ योग्य असतो. पण ६ मिमी.च्या बोल्टाला सु. १० न्यूटन-मीटरच पुरतो व वरील जोराने तो तुटून जातो. म्हणूनच पान्याच्या दांड्यावर नळी चढवून जोर वाढविणे धोक्याचे असते. अल्युमिनियमाच्या एंजिनातील आटे तर याहून सहज निघतात. स्पार्क प्लग, चाकांचे नट व एंजिनाच्या माथ्याचे बोल्ट ठरलेल्या पिळानेच आवळावयाचे असल्याने टॉर्क पाना ही चैन नसून गरज आहे. चांगल्या पान्यात १० न्यूटन-मीटरच्या वर सु. ४ टक्क्यांपर्यंतच चूक संभवते. ‘टक्’ असा आवाज करणारा पाना काम झाल्यावर किमान मापावर आणून ठेवावा, त्याने नट सैल करू नये आणि वेळोवेळी त्याचे अंशन तपासून घ्यावे.

इतर हत्यारे : स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाचेत पूर्ण बसले पाहिजे. फिलिप्स, पॉझिड्राइव्ह व जपानी पद्धतीच्या खाचा वरवर सारख्या दिसल्या, तरी भिन्न आहेत. एकीचा ड्रायव्हर दुसरीत चालविल्यास टोक उचलले जाऊन खाच बिघडते. अलीकडच्या गाड्यांत सहा पाकळ्यांच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रूही पुष्कळ आढळतात. पकडीच्या कापणाऱ्या कडा मिटल्यावर त्यांमधून उजेड दिसता कामा नये व बिजागरी सैल नसावी. पकडीने नट फिरवू नये. हातोडीचे तोंड कठीण पोलादाचे असल्याने ती पान्यावर वा सॉकेटवर मारल्यास धातूची कपची उडून डोळ्यास इजा होण्याचा संभव असतो; अशा कामास तांब्याची, पितळेची किंवा प्लॅस्टिकची हातोडी वापरतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील उच्च दाबाच्या, नारिंगी वेष्टणाच्या तारांचे काम घरी करू नये. त्यासाठी १,००० व्होल्टपर्यंत परीक्षिलेली निरोधित हत्यारे व विशेष प्रशिक्षण लागते.

गाडीखाली जाऊन करावयाच्या कामात जॅक केवळ उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. गाडी उचलल्यावर सपाट, टणक जमिनीवर ठेवलेल्या घोड्यांवर ती टेकवावी, चाकांना अटकाव लावावा व मगच खाली जावे. हत्यारांच्या खर्चात काटकसर करावयाची झाल्यास ती घोड्यांबाबत कधीही करू नये.

निवड : शंभर नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा आपल्या गाडीस लागणारी आठ-दहा मापे उत्तम प्रतीची घ्यावीत व पुढे गरजेनुसार भर घालावी. रोज ज्यांवर जोर पडतो ते रिंग पाने, सॉकेट व टॉर्क पाना यांवर अधिक खर्च करावा. क्वचित लागणारी हत्यारे मध्यम प्रतीची चालतात. भारतीय मानक संस्थेने (स्थापना १९४७, १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) हातहत्यारांसाठी मानके प्रसिद्ध केली आहेत. उदा., उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८, रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ व स्क्रू ड्रायव्हरसाठी आयएस ८४४. नामांकित छापाच्या नकला बाजारात असल्याने अधिकृत विक्रेत्याकडून व पावती घेऊनच खरेदी करावी. पंजाबात जालंदर व राजस्थानात नागौर ही या व्यवसायाची जुनी केंद्रे असून जालंदर येथे केंद्रीय हातहत्यार संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात नासिक येथेही हातहत्यारांची निर्मिती होते.

निगा : काम संपल्यावर हत्यारे पुसून, तेलाचा पातळ हात देऊन मापांच्या क्रमाने ठेवावीत, त्यामुळे एखादे हत्यार एंजिनाच्या कप्प्यात राहून गेल्यास लगेच लक्षात येते. जबडा फाकलेला पाना घासून मापास आणू नये, कारण तो पुन्हा फाकतो. तो कामातून काढून टाकणे हाच योग्य उपाय होय. [⟶ मोटारगाडी]