वजिरापुढचे प्यादे

गगनबावड्याहून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळचा आणि भुईबावड्याचा. रोज एकाच घाटाने जाणाऱ्या गाडीवाल्याला त्याची वळणे धुक्यातही ठाऊक असतात. बुद्धिबळाच्या डावाची सुरुवातही अशीच एक वाट धरून पक्की करावी, असे मी येथील मुलांना सांगतो.

मुलांची अडचण खरी आहे. गावात प्रशिक्षक नाही, आणि स्पर्धेसाठी पन्नासहून अधिक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जावे लागते. मोबाइलवर पाहून ती दहा-बारा खेळ्या पाठ करतात. समोरच्याने सहावी खेळी वेगळी केली की डाव तिथेच अडतो. म्हणून मी पांढऱ्या मोहऱ्यांसाठी वजिरापुढचे प्यादे निवडले. राजापुढचे प्यादे ई४ वर गेले की त्याला कुणाचा आधार नसतो. डी४ वरच्या प्याद्यामागे मात्र वजीर पहिल्यापासून उभा असतो. त्यामुळे चकमक सहसा उशिरा होते आणि पाठांतरापेक्षा समज उपयोगी पडते.

काळ्याने डी५ खेळल्यावर पांढरा सी४ खेळतो. हा ‘वजिराचा गँबिट’. नावात बलिदान असले तरी प्यादे खरे तर जात नाही. काळ्याने ते मारले, पांढरा ई३ खेळला आणि काळ्याने बी५ खेळून ते राखायचा हट्ट धरला, तर ए४. मग सी६, पांढरा बी५ वर मारतो, काळा सी-प्याद्याने परत मारतो, आणि वजीर एफ३ वर येताच ए८ वरचा हत्ती धोक्यात येतो. काळ्याला निदान एक मोहरा गमवावा लागतो. हे एकदा पटावर करून पाहिलेले मूल विसरत नाही.

पुढे प्याद्यांच्या तीन रचना ओळखता आल्या की बरेच काम होते. पहिलीत सी४ वरचे प्यादे डी५ वर मारते आणि काळा ई-प्याद्याने परत मारतो. मग वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी काळ्याच्या तिघांसमोर राहतात. बी-प्यादे बी५ पर्यंत रेटून सी६ वर कायमची कमजोरी निर्माण करायची. दुसरीत डी४ वरचे प्यादे एकटे पडते. शेवटच्या टप्प्यात ते ओझे ठरते; पण मोहरी पटावर असेतो ई५ चे घर घोड्याला मिळते, म्हणून पांढऱ्याने अदलाबदल टाळून हल्ला करावा. तिसरीत काळा मधली घरे आधी सोडून मागून ई५ चा धक्का देतो. पांढऱ्याने डी५ खेळून मध्य बंद केला, तर तो सी५ कडे आणि काळा एफ५ कडे धावतो.

या तिसऱ्या रचनेचे घराणे ‘भारतीय बचाव’ म्हणून जगभर ओळखले जाते. कोलकात्यात १८५५ साली जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी घोडा एफ६, जी६ आणि डी५ असे खेळले. १९२२ मध्ये अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच मांडणी स्पर्धांत आणली आणि तिला त्यांचे नाव मिळाले. देशी बुद्धिबळात प्यादे साधारणपणे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. अशा सवयीच्या खेळाडूला मध्य लगेच न बळकावता उंट कडेने बाहेर काढणे स्वाभाविक वाटले असावे, असा माझा तर्क आहे.

आपल्या शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आधारे खेळाडू घडवले. तसे मंडळ प्रत्येक तालुक्याला लाभेल असे नाही. एक वही मात्र कुणालाही ठेवता येते. प्रत्येक रचनेचे दहा डाव उतरवावेत, आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य लिहावे : येथे कोणते प्यादे का सरकले? तीस वाक्ये झाली की मुलाची सुरुवात त्याची स्वतःची झालेली असते. मग सहावी खेळी अनोळखी आली तरी ते पटाकडे पाहून विचार करू लागते.