कालाहारीचे भाऊबंद सुप्याच्या माळावर

जुलैत पुण्यातल्या धायरी फाट्यावर छत्री उघडून निघावं आणि सासवड, जेजुरी, मोरगाव करत दोनेक तासांनी सुप्यात उतरावं, तर छत्री नुसती ओझं होते. ढग दिसतात, पण घाटमाथ्यावर रिते होऊन आलेले. सह्याद्री ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते. या पर्जन्यछायेत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो.

आफ्रिकेतलं नामिब वाळवंट कोरडं आहे ते दुसऱ्याच कारणानं. तिथे बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यावरची हवा गार ठेवतो. गार हवा वर चढत नाही. पाऊस राहतो बाजूला, नुसतं धुकं पसरतं. तिथले काही भुंगेरे धुक्यात मागचं अंग उंच करून उभे राहतात आणि पाठीवरून ओघळणारे थेंब पितात.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, ते चिंकाऱ्यासाठी. आफ्रिकेतल्याच कालाहारी वाळवंटातलं स्प्रिंगबॉक हरीण हा त्याचा भाऊबंद. पाला, फळं आणि दव यांतल्या ओलाव्यावर चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. भर उन्हात अशा हरणांच्या मेंदूखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं कामी येतं: नाकात गार झालेलं रक्त मेंदूकडे जाणाऱ्या गरम रक्ताला निववतं. माठाचीच युक्ती, म्हणा ना! आपल्या माळढोकाचं आणि तिकडच्या कोरी बस्टर्डचं नातं तर आणखी जवळचं. जाती वेगळ्या, पण दोघांचा वंश (जीनस) एकच.

आकाराची बरोबरी मात्र करू नये. नामिबियातलं एटोशा उद्यान २२,२७० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा मावून उरेल एवढं. मयूरेश्वर जेमतेम ५.१४. तिथे सिंह, इथे लांडगा. तोही बहुतेकदा धनगरांच्या मेंढ्यांवर जगणारा. त्यात आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो आणि हिरवं करायचं म्हणून त्यावर ग्लिरिसिडिया लावतो. झाडांची सावली पडली की गवत मागे हटतं आणि गवतावरचे जीवही. असं वृक्षारोपण मला तरी पटत नाही.

पावसाळा सरल्यावर पहाटे जा. पायमोज्यांत कुसळं घुसतील, पण चिडू नका. ओल बदलली की कुसळाचा पीळ सुटतो, पुन्हा वळतो आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. तुमचा मोजा म्हणजे त्याला माती वाटते, इतकंच. हेच कुसळी गवत दक्षिण आफ्रिकेच्या माळांवरही उगवतं.