३८० ग्रॅमचा हिशेब

नागपुरात मे महिन्यात गाडीचा एसी रुसला की शेजारी, मेहुणा आणि पेट्रोल पंपावरचा माणूस तिघांचंही निदान एकच असतं: गॅस संपला असेल, भरून घ्या. हिंगणा रोडकडच्या एका सोसायटीतल्या अकरा वर्षं जुन्या हॅचबॅकला सलग दोन उन्हाळे हेच औषध मिळालं होतं. भरला की पावसाळ्यापर्यंत गार, पुढच्या होळीला पुन्हा कोमट. तिसऱ्या उन्हाळ्यात मालकाने गॅरेजचा नाद सोडला आणि तळमजल्यावरच्या काकांना हाक मारली. काका एसटीच्या हिंगण्यातल्या मध्यवर्ती कार्यशाळेतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. गॅसचं काम वजनकाट्याशिवाय होणार नाही. मेकॅनिक पाना मागतो, पकड मागतो, मदतीला पोरगा मागतो. काटा मागणारा विरळाच. त्या अटीपायीच रविवारी सकाळी सातला त्या पार्किंगमध्ये हजर राहावंसं वाटलं.

सात यासाठी की नवतपा सुरू होता आणि नऊनंतर बॉनेटला हात लावणं अशक्य.

काकांनी बॉनेट उघडलं आणि आधी आतल्या बाजूचं एक स्टिकर फडक्याने पुसलं. त्यावर दोन गोष्टी छापलेल्या होत्या: आर-१३४ए आणि ३८० ग्रॅम. "हे कोणी वाचतच नाही," ते म्हणाले. "तीनशे ऐंशी. नाही कमी, नाही जास्त." बाजारात या गॅसचा डबा सहसा ४५० ग्रॅमचा मिळतो. डबा लावला, हाताला गार लागेपर्यंत सोडला, पैसे घेतले, अशा पद्धतीत ३८० हा आकडा येतोच कुठे?

"गॅस काय पेट्रोल आहे का बाप्पा, जळून संपाले?" हा काकांचा दुसरा मुद्दा, आणि तो बिनतोड आहे. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीजवळचा कंडेन्सर त्यातली उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून तो सुटतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो. मोकळ्या हवेच्या दाबाला हा पदार्थ उणे २६ अंशांना उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो, म्हणून हवा गार होते. या फेऱ्यात तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे, आणि गळती तशीच ठेवून वरून भरणारा माणूस पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आत्ताच बुक करत असतो.

गाडी रात्रभर उभी होती. इंजिन चालू करण्याआधीच काकांनी निळ्या आणि लाल तबकडीचं गेज जोडलं. दोन्ही काटे १०० पीएसआयच्या आसपास एकाच जागी थांबले. जमलेल्यांपैकी एकाने लगेच निकाल दिला, "प्रेशर तर आहे, म्हणजे गॅस फुल्ल!" काकांनी मान हलवली. सकाळचं तापमान ३१ अंश होतं आणि ३१ अंशांना या गॅसचा दाब साधारण तेवढाच असतो. नळ्यांत द्रवाचा थोडासा अंश उरला असला तरी तेवढाच. घरच्या सिलिंडरचंही तसंच असतं. शेवटच्या दोन दिवसांपर्यंत शेगडी नेहमीसारखीच पेटते, म्हणूनच सिलिंडर आणणाऱ्याकडे काटा असतो, प्रेशर गेज नसतं. दाबावरून तापमान कळतं. ३८० पैकी किती उरले ते वजनाशिवाय कळत नाही.

मग घरच्या घरी करता येण्याजोगी कामं निघाली, आणि ती अजिबात क्षुल्लक नव्हती. फ्यूज आणि रिले ठीक. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा "टक्" ऐकू आला. कंडेन्सरसमोरचा पंखा फिरत होता.

पुढचं काम ग्लोव्ह बॉक्समागचं. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे केबिन फिल्टरचं झाकण दिसतं. मालकाला अकरा वर्षांत त्याचा पत्ता नव्हता. फिल्टर बाहेर आला तो काळपट, घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळकी पानं, सावरीच्या कापसाचे पुंजके आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडल्याच्या स्पष्ट खुणा. ब्लोअर लावल्यावर येणारा ओल्या गोणपाटाचा कुबट वास आला कुठून, हे आता सांगायची गरज नव्हती. कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, ते खालच्या नळीतून रस्त्यावर ठिबकतं. कॉइलवर धूळ साचली की त्याच ओलाव्यावर बुरशी पोसते. नळी तुंबली तर पाणी पायाखालच्या मॅटवर येतं आणि लोक छत गळतं म्हणून छताला दोष देतात.

कंडेन्सर धुताना काकांनी प्रेशर वॉशर लावू दिला नाही. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोटानेही वाकतात. बागेच्या पाइपचं साधं पाणी आतून बाहेर सोडलं, तर पाखरांचे पंख आणि समृद्धी महामार्गावरची धूळ असा गाळ वाहून आला. एसीच्या झरोक्यात खोचलेल्या थर्मामीटरने आधी २३ अंश दाखवले होते, आता १७ दाखवले. गॅसचा एक ग्रॅमही न भरता ६ अंश. पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या आणि मालक चहा सांगायला निघाले.

काकांना १७ पुरेसे नव्हते. हातात बॅटरी घेऊन ते एकेक जोड बघत गेले आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळीपाशी थांबले. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा धुळीचा डाग होता. बाकीची धूळ कोरडी, भुरी. हा डाग काळा आणि चिकट. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा ओशटपणा मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. भांड्यांच्या साबणाचं पाणी लावल्यावर तिथे एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आतली ओ-रिंग उष्णतेने कडक झाली होती. सलग दोन उन्हाळे पैसे खाणारा दोष चहा-बिस्किटांच्या भावात मिळणाऱ्या रबरी कड्याचा निघाला.

कडं बदलायचं तर आधी नळ्या रिकाम्या करायला हव्यात. "काका, सोडून द्या ना हवेत. कोण पाहते?" एकाने सुचवलं. बहुतेक ठिकाणी हेच होतं: पाना फिरतो, फुस्स आवाज येतो, काम पुढे सरकतं. काका तयार झाले नाहीत. पहिलं कारण अगदी हाताशी होतं. सुटलेला द्रव कातडीवर पडला तर क्षणात हिमदाह होतो, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट.

दुसरं कारण स्टिकरवरच्या त्या आकड्यात आहे. पूर्वी गाड्यांमध्ये आर-१२ असे. तो ओझोनचा थर खातो हे सिद्ध झालं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता अडवतो. म्हणजे ३८० ग्रॅम हवेत सोडणं हे सुमारे साडेपाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. तेवढ्यासाठी २३० लिटरांहून जास्त पेट्रोल जाळावं लागेल. मायलेजसाठी टायरची हवा दर आठवड्याला तपासणारी माणसं फुस्सकडे काणाडोळा करतात. माँट्रियल कराराच्याच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसांवर मर्यादा आणली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडची टप्प्याटप्प्याची घट २०३२ पासून सुरू व्हायची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींमध्ये आर-१३४ए बंदच आहे.

म्हणून घरचं काम तिथेच थांबलं आणि गाडी गॅस परत काढून घेणारं यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये गेली. काका सोबत गेले, काट्याचा आग्रह धरायला. यंत्राने आतला सगळा गॅस ओढून घेतला आणि पडद्यावर आकडा आला: २१० ग्रॅम. सकाळी १०० पीएसआय दाखवणाऱ्या, काहींच्या मते "फुल्ल" असलेल्या गाडीत जवळपास निम्माच गॅस होता. नवी ओ-रिंग तेल लावून बसली. नायट्रोजनच्या दाबाखाली साबणपाण्याची परीक्षा पुन्हा झाली, या वेळी बुडबुडा नाही. मग अर्धा तास व्हॅक्यूम. ही पायरी घाईत सर्वांत आधी गाळली जाते. व्हॅक्यूममध्ये नळ्यांतला ओलावा साध्या तापमानालाच उकळून निघून जातो. तो राहिला तर तेल खराब होतं आणि व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी बर्फ धरतो. गळतीतून गेलं तेवढं तेल आत टाकलं आणि शेवटी काट्यावर मोजून ३८० ग्रॅम. झरोक्यातला थर्मामीटर ११ वर आला, बाहेर ४३ अंश असताना.

संध्याकाळी पार्किंगमध्ये रांग लागली. पहिला नंबर एका नव्या हायब्रिड गाडीचा. काकांनी बॉनेटखालच्या जाड नारंगी तारा पाहिल्या आणि दोन पावलं मागे सरले. या गाड्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याचं तेलही वेगळं. "इथे आपण हात लावत नाही, कंपनीत न्या," ते म्हणाले. त्या गाडीच्या मालकाचा चेहरा पडलेला बघून त्यांनी ग्लोव्ह बॉक्सकडे बोट दाखवलं. "पण फिल्टर तर काढून पाहा. काऊन घाबरता, त्यात करंट नाही."