चुकीपासून सुरू होणारं गणित

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक शाळांत पोचलं आणि महाराष्ट्रात संख्यावाचनावरून रण माजलं. एकवीसला 'वीस एक', त्र्याहत्तरला 'सत्तर तीन' असंही म्हणता येईल, एवढंच त्यात सुचवलं होतं. जुनी नावं काढलेली नव्हती. तरीही विषय विधानसभेत गेला, वृत्तवाहिन्यांवर चर्चा झडल्या, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मात्र शांतपणे एकच कारण सांगत राहिल्या: संख्यांच्या नावांतली जोडाक्षरं आणि लिहिण्याच्या उलट क्रमाने होणारा उच्चार यांत लहान मुलं अडखळतात, आणि गणिताची भीती तिथूनच बसते.

आज मागे वळून पाहताना मला वाटतं, ज्याला हल्ली सगळीकडे 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात, त्याचा गणिताच्या शिकवण्यातला एवढा ठळक प्रयत्न आपल्याकडे क्वचितच झाला असेल. फक्त त्या वेळी त्याला कोणी ते नाव दिलं नाही.

दुसरीतल्या मुलाला 'पासष्ट' लिहायला सांगून बघा. कानावर आधी पाच पडतो, म्हणून बरीच मुलं आधी ५ लिहितात, मग ६. झाले ५६. पंचवीसचे ५२ होतात ते असेच. एकोणसत्तरची गंमत आणखी वेगळी. कानात 'सत्तर' घुमत असतं, त्यामुळे ७ पाटीवर उतरतो. पुढे 'एकोण'मधला नऊ आठवतो आणि ७९ होतात. एक कमी करून मागच्या दशकात जायचं, हे सहा-सात वर्षांच्या मुलाने ऐकता ऐकता करायचं असतं. बरं, हा नियमही शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणनव्वदपर्यंत तो चालतो, पण शंभराच्या अलीकडे एकदम 'नव्व्याण्णव' येतं. आपल्याला हे सगळं तोंडपाठ असल्यामुळे यात अवघड काही आहे हेच जाणवत नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ बोलणाऱ्या मुलापुढे हा उलटा क्रम नाही, कारण तिथे दशक आधी आणि एकक नंतर येतं. नॉर्वेने तर १९५१ मध्ये अधिकृत निर्णय घेऊन एकक आधी म्हणण्याची पद्धत बदलली. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागचं एक कारण होतं. तिथेही जुनी पद्धत घराघरांत पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली.

नारळीकरांच्या विचारातली मोलाची गोष्ट ही, की ५६ लिहिणाऱ्या मुलाला त्यांनी 'कच्चं' ठरवलं नाही. चूक मुलात शोधण्याऐवजी त्याला दिलेल्या साधनात शोधली. डिझाइन थिंकिंगचा पाया हाच आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये 'द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल' या पुस्तकात रचना करणं हा अभ्यासाचा विषय म्हणून मांडला. पुढे डेव्हिड केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात २००५ च्या सुमारास, हासो प्लॅटनर यांच्या देणगीच्या बळावर, 'डी. स्कूल' उभं केलं. वापरणाऱ्याची अडचण समजून घ्यायची, प्रश्न नेमका मांडायचा, कल्पना लढवायच्या, कच्चा नमुना करायचा आणि तो वापरून पाहायचा, हा क्रम तिथून जगभर गेला.

गणिताच्या वर्गात मात्र हा क्रम त्याआधीच, वेगळ्या वाटेने आला होता. १९७१ मध्ये हान्स फ्रॉइडेनथाल यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला गणितशिक्षणाच्या विकासासाठी संस्था काढली. गणित म्हणजे तयार मालाचं गोदाम नव्हे, ती माणसाने करायची कृती आहे, असं ते मानत. तिथल्या लोकांनी धडे लिहिले, वर्गात नेले, मुलांनी त्यांचं काय केलं ते टिपलं आणि धडे पुन्हा लिहिले. लीन स्ट्रीफलँड यांचं अपूर्णांकांवरचं पुस्तक १९९१ मध्ये आलं, ते याच कामातून.

त्यातला एक धागा इथे उलगडतो. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं की कितीतरी मुलं वरचे आकडे वर मिळवतात, खालचे खाली, आणि दोन पंचमांश म्हणून मोकळी होतात. अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हा प्रश्न त्यांना पडत नाही. आता नियम बाजूला ठेवा. तीन भाकऱ्या चार मुलांत सारख्या वाटायला सांगा आणि कागद-पेन्सिल द्या. एक मुलगी प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करून प्रत्येकाला तीन चतकोर देईल. दुसरा मुलगा आधी दोन भाकऱ्यांचे अर्धे भाग वाटेल, मग तिसरीचे चतकोर करील. दोघांची चित्रं शेजारी ठेवली की तीन चतकोर म्हणजे अर्धी आणि चतकोर, हे वर्गाला दिसतं. छेद समान करण्याचा नियम यानंतर शिकवला तर त्याला टेकायला जागा असते. चतकोर, अर्धी, पाऊण हे शब्द मराठी मूल घरूनच घेऊन येतं. पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेणाऱ्या आपल्या शाळांनी या भांडवलाचा वापर घोकंपट्टीपुरताच केला, याची मला खंत वाटते.

आपल्याकडे या वाटेवर कोणी नव्हतं असं नाही. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वस्तू स्वतः बनवतात. मोजमाप आणि खर्चाचा हिशोब त्या कामाचाच भाग असतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात समान वाटपातून अपूर्णांक शिकवण्याचे प्रयोग झाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली गणितावर टिपण तयार झालं. गणिताविषयीची भीती आणि अपयशाची भावना ही पहिली समस्या म्हणून त्यात नोंदली आहे, आणि मुलाच्या विचाराला गणिती वळण लावणं हे मुख्य उद्दिष्ट मानलं आहे.

आणि मग २०२०. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात डिझाइन थिंकिंग आलं, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेजारी एक समकालीन विषय म्हणून. सीबीएसईने अकरावी-बारावीसाठी तो स्वतंत्र कौशल्य विषय केला. विषय झाला की पुस्तक येतं, तासिका येते, परीक्षा येते. शेजारच्या तासाला गणित पूर्वीसारखंच फळ्यावरून वहीत उतरवलं जातं. माझ्या मते जे गणिताच्या तासाच्या आत हवं होतं, ते त्याच्या बाहेर नेऊन बसवलं गेलं.

२०१९ च्या वादातही एक दुवा निसटला होताच. धड्याचा वापर मूल करतं, तसा शिक्षक करतो आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवणारी आईही करते. 'बासष्ट' म्हणत वाढलेल्या आईला 'साठ दोन' अनेक घरी पहिल्यांदा कळलं ते बातमीतून. ती बिथरली यात नवल नाही. पुढची सगळी चर्चा अस्मितेवर झाली. मुलांनी पाटीवर काय लिहिलं, हे तिथे पुरावा म्हणून कोणी मांडलं नाही. नारळीकर १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. त्यांचा उपाय पटो न पटो, त्यांनी दाखवलेली अडचण आजही दर जूनमध्ये नव्याने वर्गात येऊन बसते.

राज्याची पाठ्यपुस्तकं आता पुन्हा टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. पुस्तक घडवणाऱ्यांना विनंती आहे: गणिताचा प्रत्येक नवा धडा छापण्याआधी काही जिल्हा परिषद शाळांत आणि घरी मराठी न बोलणारी मुलं असलेल्या आश्रमशाळांत चालवून पाहा. मुलांनी त्यात काय लिहिलं, कुठे चुकली आणि म्हणून धडा कसा बदलला, हे शिक्षक-हस्तपुस्तिकेत छापा. पालकांसाठी त्याचं एक पान पुस्तकातच द्या. आणि शिक्षकांनो, ५६ लिहिणाऱ्या मुलाची पाटी पुसण्याआधी त्याला विचारा, 'तू कसं लिहिलंस, सांग बरं.' त्याचं उत्तर वहीत टिपून ठेवा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती वही उघडा.