गर्भपिशवी काढायची आहे : रोबो की दुर्बीण?

अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत दोन्ही पर्याय मिळतात. निर्णयाआधी एवढे जाणून घ्या.

● शस्त्रक्रिया कोण करते? दोन्हींत डॉक्टरच. रोबो स्वतःहून काही करत नाही. कन्सोलवर बसलेल्या सर्जनच्या हातांची हालचाल तो उपकरणांपर्यंत पोहोचवतो.

● छेद : दोन्हींत पोटावर साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरचे तीन-चार.

● रोबोची जमेची बाजू : त्रिमितीय दृश्य आणि मनगटासारखी वळणारी उपकरणे. अवघड जागी टाके घालणे सोपे जाते.

● गुंतागुंत : २०१३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात २,६४,७५८ स्त्रियांची नोंद होती. कर्करोग नसलेल्या आजारांत गुंतागुंतीचे प्रमाण रोबोने ५.५ टक्के, दुर्बिणीने ५.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. रोबोचा खर्च मात्र सुमारे २,२०० डॉलरने जास्त.

● गर्भाशयमुखाचा कर्करोग : २०१८च्या चाचणीत दुर्बीण किंवा रोबोपेक्षा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जास्त काळ जगल्या.

डॉक्टरांना जरूर विचारा : पिशवी काढणे खरेच गरजेचे आहे का? योनीमार्गे, पोटावर छेद न देता ती काढता येईल का? अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत? यंत्रापेक्षा सर्जनचा अनुभव मोलाचा.